लाकडी वाडगा, लेथची मांडणी आणि कारागिराची सुरक्षितता

पोळपाट, लाटणे, ताक घुसळण्याची रवी, पलंगाचे गोल पाय, पाळण्याच्या दांड्या यांपैकी एखादी तरी वस्तू बहुतेक भारतीय घरांत आढळते. लाकूड फिरते ठेवून त्यावर पटाशी धरायची आणि त्याला गोल आकार द्यायचा, या कौशल्यातून या साऱ्या वस्तू तयार होतात. मराठीत हे काम करणाऱ्यास कातारी म्हणतात. देशाच्या अनेक भागांत या कौशल्याची स्वतंत्र केंद्रे विकसित झाली आहेत. बंगळूर-म्हैसूर मार्गावरील चन्नपट्टण, आंध्र प्रदेशातील वराह नदीकाठचे एटिकोप्पाका, गुजरातमधील संखेडा, उत्तर प्रदेशातील वाराणसी ही त्यांतील काही ठळक नावे होत. चन्नपट्टणच्या खेळण्यांना २००५-०६ मध्ये आणि एटिकोप्पाकाच्या खेळण्यांना २०१७ मध्ये भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला. एटिकोप्पाका येथे वनस्पतिजन्य रंगांचे पुनरुज्जीवन करणारे सी. व्ही. राजू यांना २०२३ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले.

हस्तव्यवसायांच्या चर्चेत बाजारपेठ, कर्ज, रचना आणि निर्यात हे विषय वारंवार येतात. ज्या यंत्रावर कारागीर दिवसाचे आठ-दहा तास काम करतो, ते यंत्र कसे उभे केले आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक कारागिराचे खरे भांडवल म्हणजे त्याची दहा बोटे आणि दोन डोळे होत. या भांडवलाला विमा अपुरा आहे, त्याला घसारा-निधी नाही आणि ते एकदा गमावले की पुन्हा उभे करता येत नाही. म्हणून लेथची सुरक्षित मांडणी हा तांत्रिक विषय असला तरी तो तितकाच आर्थिक विषय आहे. प्रस्तुत लेखात लाकडी वाडगे कातण्याच्या संदर्भात या दोन्ही बाजूंचा विचार केला आहे.

खेळण्याकडून वाडग्याकडे

पारंपरिक कातकामात लेथ हाताने किंवा दोरीने फिरविला जाई. मदतनीस दोरी ओढे आणि कारागीर हत्यार धरी. वेग मर्यादित असल्यामुळे हत्यार अडकले तरी बहुधा लाकूडच थांबे. विजेच्या मोटारीमुळे मदतनिसाची गरज संपली, उत्पादन वाढले आणि कामाचा शीण कमी झाला. परंतु मोटार हाताला ओळखत नाही. हत्यार अडकले तरी ती ओढतच राहते.

दुसरा बदल उत्पादनाच्या स्वरूपात होत आहे. चन्नपट्टण आणि एटिकोप्पाका येथील परंपरागत वस्तू प्रामुख्याने लहान व्यासाच्या आहेत. त्यासाठी वापरले जाणारे काळ्या कुड्याचे लाकूड, जे कन्नडमध्ये ‘आले’ आणि तेलुगूत ‘अंकुडु’ या नावाने ओळखले जाते, पांढरे, मऊ आणि बारीक पोताचे असते. हा वृक्ष मुळात फार मोठ्या घेराचा नसतो. बाजारात खेळण्यांबरोबरच जेवणाच्या टेबलावरील लाकडी वाडगे, फळांचे कटोरे आणि थाळ्या यांनाही मागणी असते. एका वाडग्याला मिळणारी किंमत अनेक छोट्या खेळण्यांच्या बरोबरीची असल्याने कारागीर साहजिकच त्याकडे वळतो. मग आंबा, शिसम यांसारख्या मोठ्या घेराच्या लाकडाचे दहा-बारा इंची ठोकळे त्याच जुन्या लेथवर चढविले जातात.

येथे एक मूलभूत फरक ध्यानात घ्यावा लागतो. लाटणे किंवा खेळणे कातताना लाकडाचे धागे फिरण्याच्या अक्षाला समांतर असतात आणि लाकूड दोन्ही टोकांना घट्ट धरलेले असते. वाडगा कातताना धागे अक्षाला आडवे असतात. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात हत्याराला दोनदा धाग्यांची उघडी टोके सामोरी येतात आणि दोनदा धाग्यांची बाजू. हत्याराला बसणारा विरोध सतत बदलत राहतो. शिवाय वाडगा आतून कोरायचा असल्यामुळे शेवटच्या टप्प्यात तो एकाच बाजूने धरलेला असतो. थोडक्यात, वाडगा म्हणजे मोठे खेळणे नव्हे. ते निराळे काम आहे आणि त्यासाठी लेथची मांडणीही निराळी असावी लागते.

वेगाचे साधे गणित

आपल्याकडे वापरात असलेल्या सर्वसाधारण मोटारी मिनिटाला सुमारे १,४४० फेरे फिरतात. या वेगाने दोन इंच व्यासाचे खेळणे फिरविले तर त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे १४ किलोमीटर असतो. त्याच वेगाने बारा इंची ठोकळा फिरविला तर कडेचा वेग ताशी सुमारे ८३ किलोमीटर होतो. पहिला वेग सायकलचा आहे, तर दुसरा महामार्गावरील मोटारीचा. जाडी आणि फेरे कायम ठेवून गोल ठोकळ्याचा व्यास दुप्पट केला तर त्यात साठणारी ऊर्जा सोळापट होते, कारण वजनही वाढते आणि ते अक्षापासून दूरही जाते.

याहून धोकादायक बाब असंतुलनाची आहे. नुकताच तोडलेला ठोकळा पूर्ण गोल नसतो आणि त्याची घनताही सर्वत्र सारखी नसते. बारा इंची ठोकळ्याच्या कडेला एका बाजूस केवळ १०० ग्रॅम वजन जास्त आहे असे मानू. मिनिटाला १,४४० फेऱ्यांच्या वेगाने हे १०० ग्रॅम लेथला सुमारे ३५ किलो वजनाइतका ओढा देतात आणि या ओढ्याची दिशा सेकंदाला चोवीस वेळा फिरते. वेग एक-तृतीयांश, म्हणजे ४८० फेरे केला, तर हाच ओढा नवव्या हिश्श्यावर, सुमारे चार किलोवर येतो. कारण हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो.

कातकाम करणाऱ्यांमध्ये एक ढोबळ नियम प्रचलित आहे. इंचांतील व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६,००० ते ९,००० च्या दरम्यान असावा. या हिशेबाने सहा इंची वाडग्यासाठी १,००० ते १,५०० आणि बारा इंची वाडग्यासाठी ५०० ते ७५० फेरे योग्य ठरतात. ठोकळा ओबडधोबड असताना खालच्या मर्यादेपेक्षाही कमी वेगाने आरंभ करावा आणि तो गोल झाल्यावरच वेग वाढवावा. वेग वाढविताना लेथ थरथरू लागल्यास तो लगेच कमी करावा. अशा थरथरीकडे दुर्लक्ष करून काम रेटणे धोक्याचे आहे.

वेग बदलण्यासाठी महागड्या यंत्रणेची आवश्यकता नाही. मोटारीवर तीन, चार व पाच इंचांच्या पायऱ्या असलेली पुली आणि लेथच्या दांड्यावर त्याच क्रमाने नऊ, आठ व सात इंचांची पुली बसविल्यास अनुक्रमे सुमारे ४८०, ७२० आणि १,०३० फेरे मिळतात. तिन्ही जोड्यांची बेरीज बाराच असल्याने एकच व्ही-बेल्ट तिन्ही ठिकाणी चालतो. मात्र बेल्ट हलविताना मोटार केवळ बंद करून भागत नाही, मुख्य वीजपुरवठाही तोडलेला असावा.

जागा, पाया आणि उंची

वाडगे कातण्यासाठीचा लेथ जड असावा आणि जमिनीशी जखडलेला असावा. मातीच्या किंवा फरशीच्या जमिनीवर नुसता ठेवलेला लेथ मोठ्या ठोकळ्याच्या झटक्याने सरकतो. सिमेंट काँक्रीटचा चौथरा घालतानाच त्यात बोल्ट बसवून ठेवणे उत्तम. तसे शक्य नसल्यास लेथच्या पायांच्या फळीवर वाळूची पोती ठेवूनही थरथर बरीच कमी करता येते.

उभ्याने काम करणाऱ्यासाठी लेथचा मध्यअक्ष कोपराच्या उंचीवर असावा. तो खाली असल्यास कारागीर वाकतो, पाठ दुखावते आणि चेहरा ठोकळ्याच्या जवळ जातो. आपल्याकडील अनेक कारागीर जमिनीवर बसून कातकाम करतात आणि हत्याराला आधार देण्यासाठी पायाचाही उपयोग करतात. लहान वस्तूंसाठी ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असून तिच्यातील कौशल्य वादातीत आहे. परंतु बसलेल्या माणसाला चटकन बाजूला होता येत नाही. आठ इंचांहून मोठा वाडगा बसून कातू नये, असे स्पष्टपणे सांगणे म्हणूनच आवश्यक आहे.

फिरणारा ठोकळा सुटला किंवा फुटला तर त्याचे तुकडे प्रामुख्याने तो ज्या प्रतलात फिरतो त्या प्रतलात फेकले जातात. ही फेकीची रेषा होय. यंत्र सुरू करताना कारागिराने या रेषेच्या बाहेर उभे राहावे. दाराची वाट, मुलांची बसण्याची जागा, रंगकाम करणाऱ्या स्त्रियांची जागा किंवा देवघर या रेषेत येऊ नये. घर हाच कारखाना असलेल्या ठिकाणी ही बाब विशेष महत्त्वाची ठरते, कारण तेथे यंत्राजवळ वावरणारे सर्वच जण कारागीर नसतात.

वीज : गेलेली आणि परत आलेली

आपल्या परिस्थितीत एक धोका विशेषत्वाने लक्षात घेतला पाहिजे. काम चालू असताना वीज जाते. कारागीर बटण तसेच ठेवून चहाला उठतो, अथवा तेवढ्यात ठोकळ्याची पकड तपासतो. वीज परत येते आणि साध्या बटणावर चालणारा लेथ पूर्ण वेगाने आपोआप सुरू होतो. हात त्या वेळी ठोकळ्यावर असतो.

यावरील उपाय जुना आणि सर्वत्र उपलब्ध आहे. शेतीपंपांवर बसवतात तशा प्रकारचा पुश-बटण स्टार्टर लेथवर बसवावा. त्यातील विद्युतचुंबक वीज जाताच सुटतो आणि हिरवे बटण पुन्हा दाबल्याखेरीज मोटार सुरू होत नाही. मोटारीवर भार वाढल्यास पुरवठा तोडण्याची सोयही अशा स्टार्टरमध्ये असते. लाल बटण मात्र अशा जागी हवे, की ते दाबण्यासाठी फिरत्या ठोकळ्यावरून हात न्यावा लागणार नाही. गुडघ्याने दाबता येईल असे मोठे लाल बटण सर्वांत सोयीचे, कारण अडचणीच्या क्षणी दोन्ही हात हत्यारावर असतात.

मोटारीला आणि लेथच्या लोखंडी सांगाड्याला योग्य अर्थिंग असावे. गळती होताच वीज तोडणारे उपकरण मुख्य फलकावर असावे. बेल्ट आणि पुलीवर पत्र्याचे किंवा जाळीचे आवरण कायम असावे. तीन फेजची जोडणी केल्यानंतर लेथ कोणत्या दिशेने फिरतो, हे रिकामा लेथ चालवून पाहावे. दोन तारा उलटसुलट जोडल्या गेल्यास लेथ उलटा फिरतो आणि आट्यांवर बसविलेली पकड चालता चालता सैल होऊन निसटू शकते.

लाकूड पकडणे

ठोकळा लेथवर चढविण्यापूर्वी तो डोळ्यांनी आणि हाताने तपासावा. भेग, सैल गाठ, सुटलेली साल किंवा आत राहिलेला खिळा असलेला ठोकळा बाजूला काढावा. भेगाळलेल्या लाकडाचा वाडगा करून वाचणारे पैसे जखमेच्या तुलनेत नगण्य असतात. चौकोनी ठोकळा तसाच चढवू नये. करवतीने त्याचे कोपरे कापून तो शक्य तितका गोल करून घेतल्यास असंतुलनाचा प्रश्न बहुतांशी तेथेच सुटतो.

वाडग्याच्या पहिल्या टप्प्यासाठी फेसप्लेट, म्हणजे लोखंडी चकती, ठोकळ्याच्या सपाट बाजूवर स्क्रूने बसवितात. हे स्क्रू जाड आणि मजबूत असावेत, चकतीची सर्व छिद्रे वापरावीत आणि स्क्रू घट्ट लाकडात पुरेसे खोल गेलेले असावेत. फर्निचरच्या फळ्यांसाठी वापरले जाणारे बारीक काळे स्क्रू ठिसूळ असतात आणि झटक्याने तुटतात. शक्य असेल तोवर समोरच्या बाजूने टेलस्टॉकचा, म्हणजे सरकत्या मागील टेकूचा, आधार कायम ठेवावा. बाहेरचा आकार पूर्ण होईपर्यंत हा आधार काढण्याचे कारण नसते.

बाहेरचा आकार देताना वाडग्याच्या तळाशी एक गोल खुंटी ठेवली जाते. नंतर वाडगा उलटा फिरवून ही खुंटी चार जबड्यांच्या चकमध्ये धरतात आणि आतील बाजू कोरतात. खुंटीची टोके चकच्या तळाला टेकू नयेत, तर तिचा खांदा जबड्यांवर सपाट बसावा, तरच पकड पक्की होते. चक घट्ट केल्यानंतर चावी तत्काळ काढून ठरलेल्या खुंटीवर अडकवावी. चकमध्ये विसरलेली चावी लेथ सुरू होताच दूर फेकली जाते.

ओल्या लाकडाचा वाडगा एकाच बैठकीत पूर्ण केल्यास तो वाळताना वाकतो किंवा तडकतो. म्हणून तो दोन टप्प्यांत कातण्याची पद्धत आहे. प्रथम भिंतीची जाडी व्यासाच्या सुमारे एक-दशांश ठेवून कच्चा वाडगा कातावा. बारा इंची वाडग्याला ही जाडी सव्वा इंचाच्या जवळपास येते. त्यानंतर तो सावलीत, वाऱ्याच्या थेट झोतापासून दूर, काही महिने हळूहळू वाळू द्यावा. वाळल्यावर तो किंचित लंबगोल होतो. मग तो पुन्हा चढवून अंतिम आकार दिला जातो. या प्रक्रियेचा आर्थिक अर्थ पुढे पाहू.

टेकू आणि हत्यारे

हत्यार ज्यावर टेकवायचे तो आडवा टेकू, म्हणजेच टूल रेस्ट, ठोकळ्यापासून साधारण तीन ते सहा मिलिमीटर अंतरावर असावा. अंतर वाढले की हत्याराचे टोक टेकूपुढे लांब येते, ठोकळ्याला त्यावर तरफेसारखा जोर मिळतो आणि हत्यार हातातून हिसकावले जाते. लाकूड कमी होत जाईल तसा टेकू पुढे सरकवावा, पण लेथ पूर्ण थांबल्यानंतरच. टेकू बसविल्यावर ठोकळा हाताने एक पूर्ण फेरा फिरवून तो कोठेही अडत नाही ना, हे पाहावे आणि मगच बटण दाबावे. हा एक फेरा कारागिराच्या दिवसातील सर्वांत स्वस्त विमा होय. वाडग्याच्या आतील बाजूसाठी वक्र टेकू उपयुक्त ठरतो.

हत्यारांच्या निवडीतही लाटण्याचे आणि वाडग्याचे काम वेगळे मानले पाहिजे. लांब दांड्याची, जाड पोलादी गोल पटाशी वाडग्यासाठी योग्य असते. लाटण्यासारख्या लांबट कामातील रुंद गोल पटाशी बहुधा पट्टी वाकवून केलेली असते आणि मुठीत जाणारी तिची शेपटी बारीक असते. आडव्या धाग्यांचा झटका बसल्यास ती तेथेच मोडते. अशी पटाशी वाडग्यावर वापरू नये. हत्यार प्रथम टेकूवर ठेवावे, मग त्याच्या पात्याची पाठ लाकडाला टेकवावी आणि शेवटी मूठ अलगद उचलून धार लाकडात उतरवावी. धार आधी टेकविल्यास हत्यार एकदम आत ओढले जाते. बोथट हत्यार धारदार हत्यारापेक्षा धोकादायक असते, कारण कारागीर त्यावर अधिक जोर लावतो.

कपडे, डोळे आणि धूळ

फिरत्या यंत्रापाशी सैल कापड हा सर्वांत मोठा शत्रू आहे. पदर, ओढणी, उपरणे, लांब बाह्या, मोकळे केस, मनगटावरील दोरा, अंगठी, बांगड्या यांपैकी काहीही ठोकळ्यात गुंतू शकते. हातमोजे सुरक्षिततेचे वाटतात, पण लेथवर ते वापरू नयेत. मोजा गुंतला तर तो हातासकट ओढला जातो. कोपरापर्यंतच्या घट्ट बाह्या, बांधलेले केस आणि चपलेऐवजी पुढून बंद जोडे, एवढे पथ्य पुरेसे आहे. डोळ्यांपुरता चष्मा लहान कामाला चालतो. वाडग्यासाठी मात्र संपूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल हवी.

पॉलिशपेपरने घासताना टेकू काढून ठेवावा, म्हणजे बोटे टेकू आणि वाडगा यांच्यात चिमटली जाणार नाहीत. कापडाची पट्टी बोटांभोवती गुंडाळून झिलई कधीही करू नये. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून घर्षणाच्या उष्णतेने रंग चढवायचा आणि केवड्याच्या जातीच्या झुडपाच्या पानाने त्याला चकाकी आणायची, ही आपल्या कारागिरांची पद्धत या दृष्टीने मोलाची आहे. ते पान अडकले तर फाटते, बोट ओढत नाही.

जखम तत्काळ दिसते. धुळीचा परिणाम मात्र वर्षानुवर्षांनी दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांमध्ये केला. नाकपुडीमागील पोकळ्यांचे कर्करोग, दमा आणि त्वचेचे विकार यांच्याशी तिचा संबंध आहे. ठोकळ्याच्या मागे हवा बाहेर फेकणारा पंखा, नाकातोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क आणि झाडण्यापूर्वी जमिनीवर पाण्याचा शिडकावा हे उपाय छोट्या कार्यशाळेलाही परवडणारे आहेत.

न मोजला जाणारा खर्च

आता अर्थकारणाकडे वळू. एका कारागिराची दिवसाची कमाई ६०० रुपये आहे असे उदाहरणादाखल मानू. बोटाच्या जखमेमुळे तो सहा आठवडे काम करू शकला नाही, तर आठवड्याला सहा दिवस याप्रमाणे ३६ दिवसांचे २१,६०० रुपये बुडतात. यात औषधोपचार, प्रवास, हातची गेलेली मागणी आणि सावकाराचे व्याज धरलेले नाही. तर्जनी कायमची गमावली तर पुढील आयुष्यभराची उत्पादकता घटते, तिचा हिशेब वेगळाच. हा खर्च कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. तो कुटुंबाच्या जेवणातून, मुलीच्या शाळेतून आणि पत्नीच्या दागिन्यांतून भरून काढला जातो.

कायद्याचे संरक्षण येथे पोहोचत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात यंत्रांना आवरण घालण्याची आणि वीज तोडण्याच्या साधनांची तरतूद होती, परंतु विजेवर चालणाऱ्या ठिकाणी किमान दहा कामगार असल्यासच तो लागू होई. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि कारखान्याच्या व्याख्येतील ही मर्यादा वीसवर गेली. घराच्या ओसरीवर पती, पत्नी आणि मुलगा मिळून चालविणारा लेथ या दोन्ही मर्यादांच्या कितीतरी खाली आहे. येथे मालक आणि कामगार एकच असल्याने नुकसानभरपाई मागायची तरी कोणाकडे, हा प्रश्न उरतो.

विम्याची स्थितीही पाहण्यासारखी आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा पूर्ण कायमचे अपंगत्व आल्यास दोन लाख रुपये, तर एक डोळा किंवा एक हात वा पाय निकामी झाल्यास एक लाख रुपये मिळतात. प्रत्येक कारागिराने ती घ्यावीच. परंतु एक-दोन बोटे गमावणे तिच्या व्याख्येत बसत नाही आणि कातकामात बोटांना इजा होण्याचाच धोका मोठा असतो. याउलट वेतनी कामगाराच्या भरपाईसाठी कायद्याच्या परिशिष्टात बोटाच्या प्रत्येक पेराचे मोल ठरलेले आहे. संपूर्ण तर्जनी गेल्यास कमावण्याच्या क्षमतेत १४ टक्के घट मानली जाते. एकच बोट, एकच काम, पण कामगाराला भरपाईचा हक्क आणि स्वयंरोजगारी कारागिराला काहीच नाही. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबांचा रुग्णालयाचा खर्च भागतो, मात्र बुडालेली मजुरी त्यातून भरून निघत नाही.

योजनांमध्ये मांडणीला स्थान

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश असून त्यांत सुतार आणि पारंपरिक बाहुल्या व खेळणी बनविणारे कारागीरही आहेत. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत एकूण तीन लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. या चौकटीतच सुरक्षित मांडणी बसविता येईल. त्यासाठी तीन सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली, यंत्र आणि त्याची मांडणी यांना एकच घटक मानावे. स्टार्टर, पायऱ्यांची पुली, बेल्टचे आवरण, चेहऱ्याची ढाल आणि पायाचे बोल्ट यांचा एकत्रित खर्च वर हिशेब केलेल्या एका जखमेच्या खर्चापुढे थोडाच असतो. तरीही त्यांना ‘अवजार’ समजले जात नाही, म्हणून कारागीर ते सर्वांत शेवटी, किंवा कधीच घेत नाही. अवजारांच्या साहाय्यातून हे साहित्य आवर्जून घेण्याचा आग्रह धरला जावा.

दुसरी, मूलभूत प्रशिक्षणातील किमान अर्धा दिवस स्वतःच्या लेथची तपासणी करण्यासाठी द्यावा. भाषण ऐकून सवय बदलत नाही. हाताने ठोकळा फिरवून पाहणे, वीज घालवून स्टार्टर तपासणे, वेगाचा गुणाकार तोंडी करणे हे प्रत्यक्ष करूनच अंगवळणी पडते. वडीलधाऱ्या कारागिरांनी हे शिकविल्यास त्याचा स्वीकार लवकर होईल.

तिसरी, वाडग्याचे काम टप्प्यांनुसार विभागावे. मोठा, ओला, असंतुलित ठोकळा गोल करणे हा सर्वांत जोखमीचा टप्पा होय. तो प्रत्येक घरी करण्याऐवजी समूहाच्या सामायिक सुविधा केंद्रात, जड आणि पक्क्या लेथवर करता येईल. कच्चे वाडगे काही महिने वाळावे लागतात आणि तेवढा काळ कारागिराचे भांडवल अडकून पडते. केंद्राने ते साठवून त्यांच्या तारणावर उचल दिल्यास ही अडचणही दूर होईल. वाळलेला, बहुतांशी गोल झालेला वाडगा मग कारागीर आपल्या घरी, कमी जोखमीने पूर्ण करील आणि रंग, लाख व झिलई यांतील त्याचे खास कौशल्य त्याच्याजवळच राहील. सुरक्षितता आणि खेळते भांडवल हे दोन्ही प्रश्न अशा प्रकारे एकाच व्यवस्थेने हाताळता येतात.

समारोप

कारागिराला आपले काम कसे करावे हे सांगण्याचा अधिकार अभ्यासकाला नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान त्याच्या बोटांत आहे. परंतु ते ज्ञान दोरीच्या वेगावर आणि खेळण्याच्या व्यासावर घडलेले आहे. मोटार आणि वाडगा या दोन्ही गोष्टी त्याच्या आयुष्यात बाजाराने आणल्या, त्यांच्याबरोबर यायला हवी होती ती मांडणी मात्र मागे राहिली. ही उणीव भरून काढणे हे एकट्या कारागिराचे काम नाही. कर्ज मंजूर करणारी बँक, अवजारे देणारी यंत्रणा, मागणी नोंदविणारा व्यापारी आणि प्रशिक्षण देणारी संस्था या प्रत्येकाने लेथपाशी एकदा उभे राहून स्टार्टर आहे का, बेल्ट झाकलेला आहे का आणि सर्वांत कमी वेग किती आहे, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ साधेल. हस्तकलेचे संवर्धन करावयाचे असेल तर त्याची सुरुवात हातांच्या संवर्धनापासून व्हावी, हेच उचित होय.